नऊ पराभवांचा परिचय

आपण वर्षभर सांगितलेली गोष्ट मूल ऐकत नाही, आणि तीच गोष्ट बाहेरच्या माणसाने एकदा सांगितली की मुकाट्याने ऐकते. हा अनुभव कोणत्या घरात नाही? बहुतेक आईवडील त्यावर हसून मोकळे होतात. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरात राहणाऱ्या श्रीनाथला मात्र ते जमले नाही.

श्रीनाथ पुण्याचा, एम.टेक. झालेला. ऑकलंडमधल्या एका कंपनीत तो रस्त्यांवरच्या सिग्नलांचे नियोजन करत असे. त्याची मुलगी वल्लरी सतरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत रविवारी सकाळी बापलेक गणिते सोडवत बसत. आता रविवारी वल्लरी बॉक्सिंगच्या क्लासला जाई आणि घरी आली की तिच्या तोंडी एकच नाव असे.

"रोहेलिओ सेज, नो फोन इन द बेडरूम," ती म्हणाली आणि फोन बाहेरच्या खोलीत ठेवायला लागली. हेच श्रीनाथ तीन वर्षे कानीकपाळी ओरडत होता!

रोहेलिओ हा मेक्सिकोचा माजी व्यावसायिक बॉक्सर. सोळा वर्षांपूर्वी एका लढतीसाठी ऑकलंडला आला, त्या लढतीत त्याचा डोळा दुखावला आणि डॉक्टरांनी पुन्हा रिंगणात उतरायला बंदी केली. इथल्याच एका नर्सशी लग्न करून तो राहिला. दिवसा गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची, संध्याकाळी आणि रविवारी मुलांना शिकवायचे, असा त्याचा क्रम होता.

एके दिवशी वल्लरीने चक्क ज्वारीचे पीठ मळायला घेतले. जिने जन्मात भाकरीला हात लावला नव्हता, तिने तीन वेड्यावाकड्या भाकऱ्या थापल्या.

"रोहेलिओची आई मक्याच्या पिठाच्या अशाच करायची," ती कौतुकाने इंग्रजीत म्हणाली.

श्रीनाथने हातातला तुकडा ताटात ठेवला. "माझी आईसुद्धा करायची."

"यू नेव्हर टोल्ड मी, बाबा."

ती आत गेल्यावर त्याची बायको अनुया म्हणाली, "अरे, तुला राग नक्की कशाचा येतोय? मुलगी भाकरी खातेय याचा?"

"तो सांगतो म्हणून खातेय, याचा. बारावी जवळ आलीय तिची. सहावी शिकलेल्या माणसाच्या नादी लागून..."

"सहावी? हे कुणी सांगितलं तुला?"

"शोधून काढलं मी," श्रीनाथ म्हणाला, आणि आपण हे बोलायला नको होते असे त्याला लगेच वाटले.

त्याच महिन्यात मराठी मंडळाचा गुणगौरव समारंभ होता. मंडळातल्या चार मुली रोहेलिओकडे शिकत असल्यामुळे अध्यक्षा नीलांबरीताईंनी त्यालाच प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले. पाहुण्यांचा परिचय एखाद्या पालकाने करून द्यायचा, आणि तोही मराठीतच, असा मंडळाचा शिरस्ता. मुलांच्या कानावर चांगले मराठी पडावे हा त्यामागचा हेतू. वल्लरीने आपल्या वडिलांचे नाव सुचवले.

"तुम्ही छान लिहिता, बाबा," ती म्हणाली. हे ती मराठीत म्हणाली, आणि तरीही श्रीनाथला आनंद झाला नाही. आपल्या लिहिण्याचे कौतुकही शेवटी त्या माणसासाठीच, हे त्याला टोचले.

माहिती घ्यायला तो क्लासवर गेला. रोहेलिओने हातावरच्या पट्ट्या सोडत सगळे मोकळेपणाने सांगितले. वडील वीटभट्टीवर होते, ते आजारी पडले, घरात सात तोंडे, म्हणून सहावीत शाळा सुटली. सतराव्या वर्षी पहिली व्यावसायिक लढत. एकूण एकतीस लढती. बावीस जिंकल्या. चोविसाव्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाचा पट्टा मिळाला, आठ महिन्यांनी गेला.

"हरलेल्या नऊसुद्धा लिहा, सर," तो म्हणाला आणि एकेक सांगू लागला. कोणत्या लढतीत तो गर्वाने गाफील राहिला, कोणत्या लढतीत घाबरला, कोणत्या लढतीत समोरचा माणूस सरळसरळ त्याच्याहून चांगला होता. "मुलांना मी याच नऊ शिकवतो."

श्रीनाथने सगळे टिपून घेतले. पलीकडे वल्लरी दोरीवरच्या उड्या मारत होती. रोहेलिओने नुसते बोट वर केले आणि तिने खांदे सैल सोडले. एका बोटावर! घरी आल्यावर श्रीनाथने परिचय लिहिला, तेव्हा टिपणातले अर्धेच वापरले. कोणते अर्धे, ते वाचकांनी ओळखले असेल.

समारंभ रविवारी दुपारी होता. सभागृहात दीडशे माणसे होती. शाल पांघरून रोहेलिओ मंचावर अवघडून बसला होता, मांडीवर नारळ धरून. श्रीनाथ माइकपाशी गेला.

"आजचे आपले पाहुणे, श्री. रोहेलिओ," त्याने वाचले. "शिक्षण : इयत्ता सहावी, अपूर्ण."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसले. मग आणखी दोघेतिघे हसले.

"कारकिर्दीत नऊ पराभव. एक पट्टा मिळाला, तो आठ महिन्यांत गमावला. सध्याचा व्यवसाय : गोदामात फोर्कलिफ्ट चालवणे. आपल्या मुलांसमोर कोणते आदर्श ठेवावेत, याचा सुज्ञ पालकांनी विचार करावा."

हसणे थांबले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. पहिल्या रांगेत अनुया मान खाली घालून बसली होती. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या रोहेलिओने! सभागृहात मराठी न कळणारा तो एकच माणूस. उठून त्याने श्रीनाथला मिठी मारली आणि माइक हातात घेतला.

"किया ओरा, नमस्कार. तुमची भाषा ऐकायला फार गोड आहे," इथल्या माओरी पद्धतीने अभिवादन करून तो इंग्रजीत म्हणाला. "वल्लरी, ये इकडे. तुझे वडील माझ्याबद्दल काय म्हणाले, ते मला सांग."

वल्लरी उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते. श्रीनाथ दोन पावले मागे सरकला. ती शब्दाला शब्द सांगेल, की रडत निघून जाईल?

तिने वडिलांकडे पाहिले नाही. रोहेलिओकडे पाहून ती इंग्रजीत बोलू लागली. "बाबांनी सांगितलं, की तुमची शाळा सहावीत सुटली." ती क्षणभर थांबली. "कारण तुमचे वडील आजारी होते आणि घरात सातजण होते. तुम्ही नऊ लढती हरलात, आणि त्या नऊ तुम्ही कधी लपवल्या नाहीत. पट्टा गेला, तरी तुम्ही रोज कामावर जाता आणि मग आम्हाला शिकवता. शेवटी ते म्हणाले, की आदर्श म्हणजे काय, याचा पालकांनी विचार करावा."

वडिलांनी गाळलेले अर्धे मुलीने भरले होते.

रोहेलिओने डोळे पुसले. "माझी ओळख करून देताना लोक नेहमी पट्ट्याचं बोलतात," तो म्हणाला. "थँक यू, सर."

चहाच्या सुट्टीत श्रीनाथ सभागृहामागच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. नीलांबरीताई तिथे कप मांडत होत्या. त्या एकेकाळी नाशिकला मुख्याध्यापिका होत्या.

"लपायला चांगली जागा शोधलीस," त्या म्हणाल्या.

"मला तिच्या शिक्षणाची काळजी वाटते, ताई."

"खोटं. काळजी वाटणारा माणूस मुलीशी बोलतो. तू माइकवर बोललास."

"मी तिचा बाप आहे! पंधरा वर्षं मी शिकवलं तिला. आणि आता हा कुठला कोण..."

"हां. आता खरं बोललास." त्यांनी कप खाली ठेवला. "हेवा वाटला तुला. वाटू दे. शाळेत माझ्या वर्गातली मुलं दुसऱ्या बाईंकडे धावायची, तेव्हा मलाही वाटायचा. वाटण्यात पाप नाही रे. पण तू त्या हेव्याला शिक्षणाची शाल पांघरलीस. आपल्या लोकांना ती फार लवकर सापडते. कुणी आपल्याहून उजवा दिसला, की विचारायचं, शिकलाय किती? म्हणजे आपण जिंकलो!"

श्रीनाथ समोरचे कप उगाच सरळ करू लागला.

"आणि त्या पोरीनं तुला वाचवलं. ते शिकवलं कुणी तिला? तू, की त्यानं?"

"माहीत नाही," तो पुटपुटला.

"मलाही माहीत नाही. दोघांनीही असेल. आभार तू मान आता. इंग्रजीत."

समारंभाच्या शेवटी श्रीनाथ पुन्हा माइकपाशी गेला. हातात कागद नव्हता.

"मिस्टर रोहेलिओ," तो इंग्रजीत म्हणाला, "माझ्या मुलीने जे सांगितलं, ते मी म्हणालो नव्हतो. ते मी म्हणायला हवं होतं. मी तुम्हाला कमी लेखण्यासाठी बोललो. माझी मुलगी तुमचं ऐकते आणि माझं ऐकत नाही, म्हणून. मला तुमचा हेवा वाटला. मला क्षमा करा."

रोहेलिओ खुर्चीतून उठला.

"मला ते हसू कळलं होतं, सर," तो म्हणाला. "सहावीवर लोक सगळ्या भाषांत तसंच हसतात. पण वल्लरीने जे सांगितलं, त्यावर विश्वास ठेवायचा असं मी ठरवलं." मग त्याने हात पुढे केला. मिठी या वेळी मारली नाही. श्रीनाथने तो हात दोन्ही हातांत धरला.

गाडीपाशी वल्लरी उभी होती. "दॅट वॉज हॉरिबल, बाबा," ती म्हणाली. "पहिलं. दुसरं ओके होतं."

"मला मंगळवारी क्लासला येऊन बसता येईल?"

"कशाला?"

"तू कशी खेळतेस, हे मी नीट पाहिलंच नाही अजून."

तिने विचार केला. "या. पण त्याचं इंग्लिश करेक्ट करायचं नाही. आणि माझंही."

मंगळवारी श्रीनाथ भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसला. रोहेलिओने बोट वर केले, वल्लरीने खांदे सैल सोडले, आणि श्रीनाथला ते पुन्हा तसेच टोचले. हेवा असा एका दिवसात जात नाही. पण या वेळी त्याने त्याला दुसरे कोणतेही नाव दिले नाही. तो गप्प बसून पाहत राहिला, आणि आपली मुलगी किती चपळ आहे हे त्याला त्या दिवशी प्रथमच दिसले.

मित्रहो, उपदेश करण्याचा अधिकार मला आहे की नाही, कोण जाणे. तरी सांगतो. आपल्या मुलांना दुसऱ्या कुणाकडून चांगले काही मिळाले, तर आपले काही कमी होत नाही. आणि माणसाची ओळख करून देताना त्याची इयत्ता विचारण्याआधी, ती आपण का विचारतो आहोत, एवढे स्वतःला जरूर विचारावे!