चाकाखालचा संशयी

मी ठोकळा बोलतोय. हसलात ना? ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला तुम्ही माणसं ठोकळा म्हणता, हे मला ठाऊक आहे. म्हणा बापडे. पण भरलेला ट्रक उतारावर उभा असतो तेव्हा त्याच्या मागच्या चाकाखाली तुमच्यातला एकही हुशार माणूस जाऊन बसत नाही. तिथे मलाच बसावं लागतं.

माझा जन्म एका जुन्या दाराच्या चौकटीतून झाला. सुताराने चौकट मोडली, चांगल्या लाकडाचं स्टूल केलं आणि उरलेला तुकडा एका बाजूने तिरका तासून, दोरीसाठी भोक पाडून मला बाहेर काढलं. "हा काही फुटायचा नाही," तो म्हणाला. मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. गिऱ्हाइकापुढे सुतार दुसरं काय म्हणणार?

संशय हा माझा धंदाच आहे. हँडब्रेक म्हणतो, मी धरलंय. गिअर म्हणतो, मी आहे ना. जमीन म्हणते, मी सपाट आहे. मी कुणाचंच ऐकत नाही. लोक ताक फुंकून पितात, मी पाणीसुद्धा फुंकून पितो.

मला विकत घेणाऱ्या ड्रायव्हरला ट्रकच्या अड्ड्यावर सगळे भोंगा म्हणत, कारण हळू बोलणं त्याला जमायचंच नाही. गाडी थांबली की तो दोरीला धरून मला खाली घ्यायचा, पायाने चाकाखाली सरकवायचा आणि अंग ताणून ऐसपैस जांभई द्यायचा. मग माझ्याच शेजारी, चाकाच्या सावलीत बसून डबा खायचा आणि तिथेच आडवा व्हायचा. गाडी धावते तेव्हा मी सीटमागच्या अंधारात पडलेला असतो, त्यामुळे रस्ते, गावं, डोंगर यांतलं मला काही विचारू नका. मला माहीत आहेत ते फक्त थांबे.

आणि एकदा ते थांबेच कमी होऊ लागले. मालकाने गाडीत कसलंसं यंत्र बसवलं होतं. गाडी जरा उभी राहिली की त्याला ऑफिसात बसल्या बसल्या कळायचं आणि लगेच फोन यायचा, "का रे थांबलास?" भोंगा स्टिअरिंगवरच डबा उघडू लागला, तोही इंजिन चालू ठेवून. डबा अर्धा तसाच परत जाई. पाठ धरली, पोट बिघडलं, डोळे कायम लाल. अड्ड्याच्या फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदारावर तो विनाकारण खेकसला, तेव्हा लोक कुजबुजले, "घ्यायला लागला वाटतं." मीही सीटमागे नाक लावून वास घेतला. डिझेलशिवाय कसलाच वास नव्हता. पण वास येत नाही म्हणजे घेत नाही, असं थोडंच आहे?

पुढे त्याहून विचित्र घडू लागलं. चढ लागायच्या आधी, ना हॉटेल ना पंप अशा ठिकाणी गाडी अचानक बाजूला उभी राहायची. भोंगा घाईघाईने मला चाकाखाली लावायचा, गाडीच्या मागे जायचा आणि फोन कानाला. मी कान टवकारले. ऐकू आलं ते असं: "छातीत नुसती धडधड होतेय... हो, हात ठेवलाय... तुम्ही बोलत राहा, फोन ठेवू नका. तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतं."

आता तुम्हीच सांगा, यावर काय समजायचं? बायकोशी तो "अगं ऐक" करून बोलायचा. इथे सगळं "तुम्ही, तुम्ही" चाललं होतं. म्हणजे प्रकरण मोठ्या घरचं असणार. बोलून झालं की स्वारी गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारायची, प्रत्येक चाकाला हात लावायची, पाणी प्यायची आणि मगच मला उचलायची. पाणी मुरतंय कुठेतरी, याची मला खात्री पटली. मालकालाही पटली होती. त्याला वाटे, हा तिथे थांबून डिझेल काढून विकतो.

आणि खात्री पटलेली तिसरी व्यक्ती एका भरदुपारी अड्ड्यावर येऊन उभी राहिली. भोंग्याची बायको. गाडीत माल चढून झाला होता, मी चाकाखाली होतो. तिने नवऱ्याच्या खिशातला फोन काढून घेतला.

"रोज हाच नंबर. कोण आहे ही?"

"कुणी नाही. धंद्यातलं आहे."

"मग माझ्यासमोर बोला."

तिने नंबर लावला आणि आवाज मोठा केला. मी श्वास रोखला, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता. पलीकडून आवाज आला तो घोगऱ्या म्हाताऱ्याचा. "काय रे, ठोकळा लावलास का? आधी ठोकळा, मग बोलणं. छातीत परत सुरू झालं का?"

ते तात्या होते. ज्यांच्या हाताखाली भोंगा गाडी शिकला ते म्हातारे ड्रायव्हर, आता घरी बसलेले.

"मी त्यांची बायको बोलतेय," ती म्हणाली. आवाज पार खाली आला होता.

"बरं झालं पोरी. मी कधीचा सांगतोय त्याला, घरी सांग म्हणून. चालत्या गाडीत डोळा लागला त्याचा. कठड्याला घासून गाडी थांबली म्हणून वाचला. तेव्हापासून चढ दिसला की हात कापतात. मी नुसता धीर देतो. खाली उतर, चाकांना हात लाव, पाणी पी, एवढंच मला येतं. त्याला झोप पाहिजे, आणि डॉक्टर."

फोन बंद झाला. तिने तो नवऱ्याच्या खिशात परत घातला. "मला का नाही सांगितलं?"

"तू म्हणाली असतीस, गाडी सोडा." भोंगा इतक्या हळू बोलला की मला ऐकायला कष्ट पडले. "दुसरं काय येतं गं मला? भीती वाटते मला. गाडीचीपण, आणि गाडी सुटायचीपण."

तेवढ्यात मालक आला. "माल भरलाय ना? मग निघ. संध्याकाळच्या आत पोचायला हवं."

"निघतो," भोंगा म्हणाला आणि वाकून त्याने मला ओढलं. त्याची बोटं माझ्यावर थरथरत होती. अशा हातांवर मी नटसुद्धा सोपवला नसता, आणि हे हात चढावर भरलेली गाडी नेणार होते.

बायकोने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. चाकाखाली ठेवलं आणि शेजारचा दगड उचलून असं ठोकलं की मी पार आत रुतलो.

"अहो वहिनी, हे काय चाललंय?" मालक म्हणाला. "काढ रे तो."

शेजारच्या ट्रकखालून फिटरचं काळंकुट्ट तोंड बाहेर आलं. "आता तो त्याला काढता यायचा नाही, मालक. ज्याने ठोकळा लावला त्यानेच काढायचा. गाडीखाली कोण आहे ते लावणाऱ्यालाच ठाऊक असतं. तुम्हीच भिंतीवर रंगवून घेतलंय ना?"

मालकाने भिंतीकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"हे डॉक्टरकडे जातील, झोप काढतील," ती म्हणाली. "मग मी येऊन काढेन."

"आणि हा माल?"

"दुसऱ्या गाडीत घाला. माझा नवरा दुसरा मिळायचा नाही."

मालक पुटपुटत गेला आणि त्याने दुसरी गाडी मागवली.

तेव्हापासून मी इथेच आहे. डॉक्टर झाला, औषध चालू आहे, भोंगा घरी झोपतो म्हणे. मालक येता-जाता माझ्याकडे तिरक्या नजरेने बघतो, मीही त्याच्याकडे तसाच बघतो. आज सकाळी नवरा-बायको दोघं आली. ती माझ्याजवळ वाकली, दोरीला हात घातला आणि वर बघून म्हणाली, "झोप लागते ना आता?"

"लागते."

"खरं सांगा."

त्याने चाकाला हात लावला. "मधेच जाग येते."

तिने दोरी सोडली, पदराला हात पुसले. "मग उद्या बघू," म्हणाली आणि त्याला घेऊन घरी गेली.

तेव्हा बाबांनो, या वाटेने गेलात तर मला हात लावू नका, घाई आहे असं कुणी कितीही सांगितलं तरी. तिला अजून संशय आहे. आणि खरं विचाराल तर मलाही.