ओलं शेण

"जगदेव, बाजूले हो बे! बैलं धुवाचे हायेत," दौलतरावभाऊ बांधावरून ओरडले.

त्यांच्यामागे गावाच्या चाळीस जोड्या उभ्या. मी बांध घातलेल्या धानाच्या शेताच्या, म्हणजे माझ्या बांधीच्या, तोंडाशी आडवा उभा.

"पाया पडतो भाऊ. चरात झिंगे हायेत. बैलं पान्यात शेन टाकतेत. ओल्या शेनानं पानी सडते, झिंगे गुदमरून मरतेत."

"शेन तं तूच टाकतं ना बाप्पा?"

हेच! दोन वर्षं हेच सांगून माझी जीभ झिजली. मी टाकतो ते वर्षभर खड्ड्यात कुजवलेलं, हातात चुरलं की मातीसारखा वास येणारं. त्यावर पाण्यात शेवाळ धरतं, ते झिंगे खातात, उरलेला कस धानाला. ओल्या शेणाची गोष्टच वेगळी. पण शेणाशेणात कसला आलाय फरक, म्हणून गाव फिदीफिदी हसायचं.

ही पाणथळ जमीन दौलतरावभाऊंची, माझ्या चुलतभावाची. "दिवाळीलोक झिंगे दाखव," ते म्हणाले होते, "जमीन तुह्याकडंच राहीन. नाई तं पानी काढून कापसाची पऱ्हाटी लावतो." पैनगंगेतून मडक्यात झिंग्यांची, म्हणजे कोळंबीची, पिल्लं पायी आणून मी धानाच्या कडेने खणलेल्या चरात सोडली होती. आता ती बोटाएवढी झाली होती आणि दिवाळी दोन महिन्यांवर होती.

पण सन अडतीसचा तो श्रावण कोरडा गेला. ओढ्यात नुसती वाळू. विहिरींना पाणी होतं, पण पोळ्याला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मग मोट कोण ओढणार? उरली झऱ्यावरची माझी बांधी.

"हातानं शेंदू ना भाऊ. मी येतो शेंदाले."

"ऐंशी बैलं? बाशिंगं बांधाले रात होईन. वर्सभर राबते ते जनावर, अन् सनाच्या दिवशी तू त्याले पानी नाई म्हनतं? कुनब्याचा हायेस का कोनाचा?"

माझी स्वतःची जोडीही त्याच रांगेत होती, धाकटा इंद्रभान घेऊन आला होता. मी बाजूला झालो.

भाऊ स्वतः बांधावर उभे राहिले. "धान तुडवू नका रे! चरातच उतरवा!" सगळे बैल चरातच उतरले.

शेवटची जोडी वर आली तेव्हा ते म्हणाले, "पाह्य, एक काडी मोडू देल्ली नाई. वरून खत फुकट! खुश हो ना लेका."

ते खरंच खूश होते. शिवी द्यावी तर कुणाला?

दुपारी झिंगे कडेच्या गवतावर चढू लागले. मी टोपलीत भरभरून त्यांना झऱ्याच्या तोंडाशी सोडत होतो. मनकर्णा, माझी बायको, पुरणाच्या हातांनीच धावत आली.

"अवो, हा जित्ता हाये! हा पाहा!"

पाण्यात सोडला की तोही उताणा व्हायचा. ऊन कललं तेव्हा एकही हलत नव्हता.

"सांगा ना भाऊले, तुमच्यानं झालं म्हून!" ती रडत म्हणाली.

"काय सांगू? त्याइले वाटते, त्याइनं मले खत देल्लं."

संध्याकाळी पोळा फुटला. घरोघरी बैल निघाले. भावाचं घर म्हणून दौलतरावभाऊंची जोडी पहिली आमच्या दारात आली. शिंगं रंगवलेली, अंग लख्ख धुतलेलं.

"झिंग्याचं आयकलं," भाऊ खाली बघत म्हणाले. "जाऊ दे. पुढच्या साली पऱ्हाटीच लावू."

मनकर्णा पुरणपोळीचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यातच थबकली. मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि बैलांच्या पायांवर पाणी ओतलं. एका खुराच्या फटीत चराचा चिखल राहिला होता. तो बोटाने काढला, कुंकू लावलं, डोकं टेकवलं. मग दोन्ही बैलांना एकेक पोळी भरवली.