रविवारची चाऊमीन

टक्कन बामच्या डबीचं झाकण उघडलं आणि मघापासून गप्प असलेलं घर बोलायला लागलं. श्रीरंग नुकताच इटारसीच्या गाडीसाठी बाहेर पडला होता.

"काहून वो सुखदा, आजही पोरीला त्याच ठेल्यावर जाऊ दिलं?" भानुमतीबाई नातीच्या कपाळावर बाम चोळत म्हणाल्या. "तो मेला अजिनोमोटो टाकते त्याच्यात. पांढरं विष आहे ते!"

सुखदाने सासूच्या हातातली डबी घेऊन झाकण लावलं. सात वर्षांची वैष्णवी उशीत डोकं खुपसून पडली होती. रेल्वेने इटारसीला बदली केल्यापासून श्रीरंग आठवड्यातून एकदाच चेरीतालच्या घरी यायचा. रविवारी लेकीला बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या ठेल्यावर चाऊमीन खाऊ घालायचा आणि घरी सोडून गाडी गाठायचा. प्लेट एक, काटे दोन. बापलेकीच्या लाडाला तेवढीच जागा उरली होती. आणि दर रविवारी, तो गेला की पोरीचं डोकं ठणकायला लागायचं.

आज तर वैष्णवीने स्वतःच बजावलं होतं, "भैया, अजिनोमोटो मत डालना." भैया म्हणालाही, "नहीं डाला, बेटा."

"खोटारडा," भानुमतीबाईंनी निकाल दिला.

सुखदाने मोबाइलवर वाचून पाहिलं. एक म्हणे, याने डोकं चढतं. दुसरा म्हणे, हे तर टोमॅटोतही असतं. न सांगता खाऊ घातलं तर बहुतेकांना काहीच होत नाही. कुणाचं खरं धरावं? लेकरू आपलं होतं. तिने फोनवर श्रीरंगला सांगून टाकलं, चाऊमीन बंद.

"चलो, ठीक आहे," तो म्हणाला. आवाज मात्र एवढासा झाला होता.

पुढच्या खेपेला त्याला सोमवारची जोडून सुट्टी मिळाली. रविवारी बापलेक दूध आणायला म्हणून गेले ते चांगलं तासाभराने परतले. वैष्णवीच्या हनुवटीला लाल सॉस!

"हे काय हो?"

"मी नाही, तिनंच सांगितलं," श्रीरंग चोरासारखा हसला. "भैया, सब डाल दो, म्हणे."

त्या रात्री सुखदा बराच वेळ लेकीच्या कपाळाला हात लावून पाहत राहिली. लेक बापाच्या पोटावर पाय टाकून खुशाल घोरत होती.

सोमवारी संध्याकाळी साधा वरण-भात केला, वर लिंबू. श्रीरंगने शर्टाच्या घड्या करायला घेतल्या, तसं वैष्णवीने ताट सरकवलं.

"आई, डोकं दुखून राहिलं."

"कालचंच असंल," भानुमतीबाई म्हणाल्या. "अजून अंगात असंल ते." पण बोलता बोलता त्यांचं लक्ष मुलाच्या उघड्या बॅगेकडे गेलं आणि उघडायला घेतलेली बामची डबी त्यांनी तशीच खाली ठेवली.

श्रीरंगच्याही लक्षात आलं. अर्धवट घडीचा शर्ट खाली ठेवून त्याने लेकीला मांडीवर घेतलं. गाडीची वेळ झाली तरी सोडवेना. शेवटी सुखदानेच तिला त्याच्या गळ्यापासून हळूच वेगळं केलं.

तो गेल्यावर सुखदा तिच्या केसांतून बोटं फिरवत बसली.

"दर रविवारी खायची बरं का चाऊमीन. मी नाही रागावणार."

"हूं." वैष्णवीने आईच्या ओढणीत तोंड लपवलं. मग थोड्या वेळाने डोकं वर काढून विचारलं,

"आई, तिकडे बाबांचं पण दुखते का?"