सैंधवाची पोती आणि मागचं फाटक

सीमेवर चाललं होतं ते टीव्हीवर सगळ्यांनीच पाहिलं. पण त्याच आठवड्यात धारवाडच्या मळमड्डीत जे पेटलं, ते पाहिलं फक्त निवेदितानं, आणि तेही स्वतःच्या परसात उभं राहून.

ही निवेदिता एम.ए.ला, राज्यशास्त्र घेऊन. मे महिन्यात आपल्या फौजेनं सीमेपलीकडे मारा केला, त्याच दिवशी प्रभंजनसरांनी वर्गात सांगून टाकलं की दिल्लीच्या परिसंवादाला एकच जण जाणार, आणि कोण ते शनिवारी ठरणार. विषय, शेजारी देशांनी एकमेकांवर केलेल्या हल्ल्यांचे परिणाम. आणि अट काय, तर टीव्हीवर ऐकलेलं एक वाक्यही बोलायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला परिणाम सांगायचा. आता धारवाडात बसून काय डोंबल दिसणार? पण हिला दिल्लीला जायचंच होतं. जन्मात पुण्याच्या पुढे गेली नव्हती बिचारी. आणि समोर वर्गातलाच श्रीहरी, त्याच्या लॅपटॉपवर क्षेपणास्त्रांची बेचाळीस चित्रं तयार.

तोंड पाडून घरी आली, तर आई सैंधवाचा एवढासा खडा हातात घेऊन बसलेली. दुसऱ्या दिवशी एकादशी. यांच्याकडे उपासाला साधं मीठ चालत नाही, सैंधवच लागतं. आणि ते येतं पाकिस्तानातल्या खाणीतून, हे आईला त्या दिवशी दुकानदाराकडून कळलेलं. इतकी वर्षं आपण उपासाला त्यांचं मीठ खातोय, म्हणून तिनं आधी तो खडा डब्यात परत टाकला. मग तिकडचा माल यायचा बंद झालाय हे डोक्यात शिरलं, तशी पिशवी घेऊन निघाली आणि किलोभर घेऊन आली.

शेजारच्या रोहिणीकाकूंनी ते गच्चीवरून पाहिलं. त्यांनी दोन किलो आणलं. आईनं पाच आणलं. गुरुवारी, भर एकादशीला, काकूंच्या दारात रिक्षातून अख्खं पंचवीस किलोचं पोतं उतरलं. झालं. आईनं गोकुळ रोडला वर्कशॉप असलेल्या सुमंतमामाला फोन लावला, आणि संध्याकाळी त्याच्या टेम्पोतून दोन पोती आली. ती पलंगाखाली सरकवून वर चादर सोडली, कुणाला दिसू नयेत म्हणून. दिसली सगळ्यांना.

निवेदितानं विचारलं, एवढं मीठ करायचंय काय.

"मला काय हौस आलीय?" आई म्हणाली. "ती साठवतेय म्हणून."

काकूंना विचारलं, तर त्याही तेच म्हणाल्या, फक्त 'तुझी आई साठवतेय म्हणून'. निवेदिता जागच्या जागी थांबली. दोघी एकमेकींना भिऊन साठवतायत, आणि एकीचं साठवणं बघून दुसरी आणखी भितेय. हा तर पुस्तकातला अख्खा धडा. पळत जाऊन वही घेऊन आली.

पण गोष्ट मिठावर थांबते कुठे? आई भिंतीवरून काहीतरी खोचक बोलली, पोत्यावरूनच. काकूंनी दोन परसांमधलं पत्र्याचं फाटक धाडकन लावून आपल्या बाजूची कडी घातली. मग आईनं आपल्या बाजूची घातली. आणि यात अडकले तुकारामआजोबा, काकूंचे सासरे. वय त्र्याऐंशी. रोज सकाळी त्या फाटकातून चार पावलांत आईच्या हातच्या कॉफीला यायचे. शुक्रवारी सकाळी काठी टेकत पूर्ण गल्लीला वळसा घालून, रिक्षा चुकवत, वीस मिनिटांनी पुढच्या दारात पोचले.

"हवाई हद्द बंद," ते म्हणाले. "माझं विमान लांबून फिरून आलं बघ."

शनिवारी वर्गात श्रीहरीची बेचाळीस चित्रं झाली. मग निवेदिता उठली आणि मीठ, पोती, फाटक, आजोबा, सगळं सांगत सुटली. मुलं हसून हसून लोळली. सर हसले नाहीत. कोण जिंकलं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, दोन्ही घरं म्हणतायत आम्हीच.

"आणि हे थांबायचं कसं?"

"ते नाही माहीत, सर."

"मग अर्धंच पाहिलंस. संध्याकाळपर्यंत ते फाटक उघडून दाखव आणि दिल्लीला जा. नाहीतर श्रीहरी जाईल."

आता आली का पंचाईत. घरी जाऊन आईला विनवलं, तर आई म्हणाली, मी का आधी उघडू. काकूही तेच. आजोबा म्हणाले, होगली बिडु, सोडून दे, दोघी हट्टी आहेत. निवेदिता परसात जाऊन त्या फाटकाकडे बघत बसली. दोन बाजूंना दोन कड्या. मधे पत्रा, आरपार काही दिसत नाही. म्हणजे आधी कुणी उघडली ते कुणालाच कळणार नाही, जर वेळ एकच ठरली तर.

उठली. दोघींना वेगवेगळं गाठून सांगितलं, बरोब्बर पाच वाजता आपापली कडी काढायची, बोलायचं काही नाही. हो कुणीच म्हणालं नाही. आईनं एवढंच विचारलं, "कुणाच्या घड्याळात पाच? त्यांचं पुढे असतं."

मोबाईलवरचे पाच ठरले.

पाचाला दोन मिनिटं कमी असताना आई कपडे वाळत घालायला म्हणून परसात आली. हातात कपडा एकच. पाच वाजले आणि खट्, खट्. दोन आवाज, इतके लागोपाठ की निवेदितालाही सांगता येईना कुठला आधी. फाटक करकरलं आणि पहिले आत आले आजोबा, कप हातात घेऊनच.

"तिनंच आधी काढली," आई निवेदिताच्या कानात म्हणाली. "ऐकलं मी."

फाटकात काकू आजोबांच्या पाठीमागून तेच सांगत होत्या, आईनंच आधी काढली म्हणून, जरा मोठ्यानं. मग दोघी ओट्यावर बसल्या आणि एवढ्या मिठाचं करायचं काय, यावर बोलायला लागल्या.

तासाभरात टीव्हीवर आलं की सीमेवरचा गोळीबारही पाच वाजल्यापासून थांबवायचं ठरलंय. आजोबा म्हणाले, बघा, आपलं ऐकून केलं. निवेदितानं ते ऐकलंच नाही, ती सरांना फोन लावत होती.

"उघडलं, सर."

"आधी कुणी?"

"दोन उत्तरं आहेत, सर. कुठलं देऊ?"

सर पहिल्यांदा हसले. "दोन्ही लिहून ने दिल्लीला. आणि तिकीट रेल्वेचं काढ, विमानांचं अजून काही खरं नाही."