सहाव्या होलवरचे पाच

माझ्या धाकट्या बहिणीनं त्या दिवशी कार्ड न तपासता सही केली, कारण टेबलामागे मी बसले होते. एवढीशी गोष्ट, पण चार महिने ती माझ्या तोंडून निघाली नाही.

गोल्फ क्लबच्या कार्यालयात मी एकवीस वर्षं काढली. टपाल, सभासदांच्या याद्या, खेळायच्या वेळा लावून देणं हे रोजचं काम आणि स्पर्धा असली की कार्डांचं टेबल. बहीण माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, घरात तिला सगळे बारकी म्हणतात. ती फिजिओथेरपिस्ट. माझं लग्न जमलं नाही आणि तिनं स्वतःचं जमू दिलं नाही, असं आई पाहुण्यांना सांगते. आम्ही तिघी एकाच घरात राहतो.

बारकीला गोल्फ मीच दाखवला. कॉलेज सुटलं की ती माझी वाट बघत क्लबच्या सरावाच्या मैदानाशेजारी बसायची. एकदा कुणी विसरून गेलेली काठी मी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, बसण्यापेक्षा मार चार बॉल. सुरुवातीला मीही मारायचे. तिच्यापेक्षा बरे मारायचे, खरं सांगायचं तर. पण मला फोन घ्यायला आत जावं लागायचं आणि ती मारत राहायची. पुढे ती लोकांच्या पाठी आणि गुडघे बरे करायला लागली, त्यात क्लबचे निम्मे सभासद तिच्या हाताखालून गेले, आणि तिला महिला सभासद करून घेतलं.

महिला सभासद म्हणजे काय, ते मीच दर वर्षी टाइप करायचे. शनिवार-रविवारी दुपारी एकच्या आत मैदानावर यायचं नाही. मोठ्या खिडकीच्या हॉलमध्ये बसायचं नाही, चहा बाजूच्या व्हरांड्यात. कपडे बदलायला मागची खोली, जिथे पूर्वी खताची पोती असायची. पोती हलवली होती, वास हलला नव्हता. अशा अकरा जणी होत्या. बहुतेक नोकरदार, म्हणजे त्यांना सुट्टी मिळायची ती नेमकी शनिवार-रविवारची. भर उन्हात एक वाजता त्या सुरुवात करायच्या.

बारकीनं एके दिवशी नियमांचं पुस्तक माझ्याकडून मागून घेतलं आणि चहा पिता पिता वाचून काढलं. "ताई, अजिंक्यपदाच्या स्पर्धेत 'सभासद' एवढंच लिहिलंय. पुरुष कुठे लिहिलंय?"

"लिहायची गरज कुणाला वाटली नसेल."

"मग मी नाव देते."

तिनं दिलं. पुरुष जिथून पहिला फटका मारतात तिथूनच मारणार, असंही लिहून दिलं. कमिटीला नाही म्हणायला नियम सापडला नाही. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. ती पहिल्या फेरीतून पुढे गेली तेव्हा हसू जरा कमी झालं आणि शेवटच्या दिवसासाठीच्या बारा जणांत तिचं नाव आलं तेव्हा सेक्रेटरींनी मला केबिनमध्ये बोलावलं.

प्रश्न करंडकाचा नव्हता. जो जिंकेल तो वर्षभर खेळ समितीवर बसतो, असा क्लबचा जुना रिवाज. आणि बारकी तिथे बसली तर पहिल्याच बैठकीत एक वाजताचा नियम काढणार, हे तिनं व्हरांड्यात बसून मोठ्यानं सांगितलं होतं. तिला कुजबुजता येतच नाही.

सेक्रेटरी सभ्य माणूस. आवाज कधी चढायचा नाही. ते म्हणाले, "उद्या टेबलावर तुमची बहीण येणार. लोक बघणार. तुम्ही मदत केलीत असं कुणी म्हणायला नको. तिला काही सांगायचं नाही, काही सुचवायचं नाही. ज्याचं त्यानं कार्ड बघावं."

मी बरं म्हटलं.

"आणि हो," मी दारापर्यंत गेल्यावर ते म्हणाले, "कार्यालयप्रमुखाची जागा पुढच्या महिन्यात भरायची आहे. तुमचंच नाव माझ्या डोक्यात आहे."

आता कार्डाचं सांगते. गोल्फमध्ये अठरा होल सगळ्यात कमी फटक्यांत संपवणारा जिंकतो, आणि तुमचे फटके तुम्ही लिहीत नाही, सोबत खेळणारा जोडीदार लिहितो. शेवटी तुम्ही कार्ड तपासून सही करायची आणि टेबलावर द्यायचं. टेबलाभोवती दोरी असते. सही करून दोरीबाहेर पाऊल टाकलं की विषय संपला. खेळलात त्यापेक्षा जास्त फटके लिहिले गेले असतील तर ते तुमच्या बोकांडी बसतात. कमी लिहिले गेले असतील तर तुम्ही बाद. चूक कुणाची, कोण किती भला माणूस, काही बघितलं जात नाही.

म्हणून टेबलावरचा माणूस लागतो. प्रत्येक होलवरून वॉकीटॉकीवर आकडे यायचे, ते मी माझ्या तक्त्यात भरत असायचे. खेळाडू आला की म्हणायचे, "बसा, पाणी घ्या, होल-होल जुळवून बघा." आणि तक्त्यात फरक दिसला तर, "नववा परत एकदा बघा बरं." हे नियमातही बसतं. एकवीस वर्षांत मी कितीतरी पुरुषांना असं वाचवलं होतं. एक कारखानदार तर दरवेळी एखादा आकडा चुकवायचे आणि मी सांगितलं की लाजून हसायचे.

त्या दिवशीही मी आधी आलेल्या सगळ्यांना सांगितलं. कारखानदारांना तर तेराव्या होलचा आकडा दुरुस्त करायला लावला. जीभ आपोआप चालत होती.

बारकीच्या जोडीला दातांचे डॉक्टर होते. मोकळा माणूस, तिच्या खेळावर खूश. सहाव्या होलवर तिचा बॉल वाळूच्या खड्ड्यात गेला आणि बाहेर काढायला तिला दोन फटके लागले. पाच झाले. वॉकीवर पाच आले, मी पाच लिहिले. डॉक्टरांनी चार लिहिले. त्यांना वाटलं एकाच फटक्यात निघाला. ते स्वतःचा बॉल झुडपात शोधत होते.

दोघं टेबलाशी आले तेव्हा तिच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा झाला होता. माझ्या तक्त्यात तिचे एकाहत्तर फटके. दुसऱ्या नंबरला त्र्याहत्तर. व्हरांड्यातून अकरा जणींपैकी कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

डॉक्टरांनी कार्ड तिच्यापुढे सरकवलं. मला उलटं दिसत होतं, पण मी एकवीस वर्षं कार्डं उलटीच वाचत आले होते. सहावा, चार.

मी तोंड उघडलं. डॉक्टरांना म्हटलं, "बसा, पाणी घ्या."

पुढचं वाक्य आलं नाही. किंवा आलं आणि मी गिळलं. हे मला अजून नीट सांगता येत नाही. सेक्रेटरी मागे उभे होते, ते खरं. पण त्यांनी माझा गळा धरला नव्हता. मला त्या क्षणी कार्यालयप्रमुखाची केबिन दिसली, ती खुर्ची दिसली आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बारकीचा तो जिंकलेला चेहरा सलला. पहिल्यांदा बरे बॉल मी मारले होते, ते आठवलं. मनात म्हटलं, बघेल की ती. तिला डोळे आहेत.

तिनं बघितलं नाही. "ताई आहे ना," असं डॉक्टरांना म्हणाली, सही ठोकली आणि दोरी ओलांडून व्हरांड्याकडे धावली.

सेक्रेटरींनी कार्ड उचललं. माझा तक्ता शेजारी ठेवला. "सहाव्याला चार?" ते हळूच म्हणाले.

तिला परत बोलावलं, तेव्हा तिला वाटलं फोटोसाठी बोलावलंय. सेक्रेटरींनी नियम वाचून दाखवला. डॉक्टर पुढे आले. ते परत परत म्हणत होते, "मी चुकलो, मी लिहिलंय, मला बाद करा." बारकीनं कार्डावरचा सहावा होल बघितला. मग म्हणाली, "सही माझी आहे." करंडक कारखानदारांना मिळाला.

घरी जाताना बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली होती. मला वाटलं आता विचारेल. तिनं विचारलं, "ताई, माझ्यामुळे तुला कुणी काही बोललं तर नाही ना?"

मी नाही म्हटलं.

पुढच्या महिन्यात मी कार्यालयप्रमुख झाले. आईनं सगळ्यांना फोन केले. बारकीनं मला नवी पर्स आणली. केबिनमध्ये पंखा होता, खिडकी होती, आणि खिडकीतून एक वाजता उन्हात चालत निघालेल्या बायका दिसायच्या. मी पडदा लावून घ्यायचे. जेवताना बारकी म्हणायची, मीच मूर्ख, शाळकरी चूक केली, आणि मी तिच्या ताटात आणखी भात वाढायचे. डॉक्टर क्लबवर यायचे बंद झाले होते. मोठ्या खिडकीच्या हॉलमध्ये लोक म्हणायचे, फटके बरे मारते, पण बाईमाणसाला साधं कार्ड भरता येत नाही.

मग सेक्रेटरींनी एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. 'महिला सभासदांसाठी: कार्ड कसे भरावे, याचे मार्गदर्शन. मार्गदर्शक: कार्यालयप्रमुख.' शनिवारी बारा वाजता, म्हणजे एकला खेळायला मोकळ्या. मी दोन दिवस तो फलकावर लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच लावला.

अकराही जणी आल्या. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. बारकी पहिल्या रांगेत, वही घेऊन. चेष्टेनं नव्हे, खरोखर वही घेऊन बसली होती. मी फळ्यावर अठरा चौकोन काढले आणि सांगायला लागले. सही करण्याआधी होल-होल जुळवून बघा. घाई करू नका.

मागे गणिताच्या निवृत्त बाई बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. "मला एक कळत नाही. टेबलावरच्या माणसाकडे तक्ता असतो ना? मग चुकलं तर तो सांगत नाही?"

"सांगतो," मी म्हटलं.

"मग त्या दिवशी तक्त्यात काय होतं?"

त्यांनी साधंच विचारलं होतं. मी हातातल्या खडूकडे बघितलं. बारकीनं वहीतून मान वर केली.

"पाच होते," मी म्हटलं. "मी बघितलं होतं. सही करायच्या आधी बघितलं होतं. त्या दिवशी बाकी जोड्यांना मी जुळवून बघा म्हटलं. हिला म्हटलं नाही."

गणिताच्या बाईंनी हात अजून खाली घेतला नव्हता. बारकीनं वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि मागच्या खोलीत निघून गेली. एक वाजता ती इतरांबरोबर मैदानावर उतरली. माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी कमिटीला पत्र लिहिलं, तक्ता जोडला. उत्तर आलं की निकाल नियमाप्रमाणे आहे, तो बदलत नाही. ते बरोबरच होतं. माझी बदली पुन्हा टपालाच्या टेबलावर झाली, कार्डांचं टेबल कायमचं गेलं. सेक्रेटरींना कुणी काही विचारलं नाही. तिला काही सांगू नका असं मला म्हटलं, हा काही गुन्हा नव्हे.

मी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन त्यांनाही सांगितलं. ते बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "चार मीच लिहिले होते. तेवढं माझं माझ्याकडे राहू द्या." पण पुढच्या आठवड्यात ते क्लबवर आले आणि व्हरांड्यात बसून चहा प्यायले. एक वाजताचा नियम काढा, अशा अर्जावर अकरा जणींनंतर बारावी सही त्यांची होती. नंतर आणखी काही झाल्या. कारखानदारांनी सही केली नाही. कमिटीनं तीन बैठका घेतल्या आणि दुपारी एकचे सकाळी दहा केले. मागची खोली आहे तशीच आहे.

घरी बारकी माझ्याशी आईमार्फत बोलायची. "आई, ताईला सांग मीटर बघणारा आला होता." आई वैतागायची, "मी काय पोस्टमन आहे का?" तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. असे सात-आठ महिने गेले.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत बारकीनं पुन्हा नाव दिलं आणि तिसरी आली. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. ती बुटाच्या नाड्या बांधत दारात बसली होती. दहाला तिची वेळ होती.

"ताई," ती म्हणाली. सरळ मला. "केबिन देतो असं सेक्रेटरी आधी म्हणाला होता, की नंतर?"

वर्गात मी हे गाळलं होतं. पत्रातही.

"आधी," मी म्हटलं. "आदल्या दिवशी."

तिनं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"आणि फक्त तेवढंच होतं?"

"नाही. तू जिंकलेली मला बघवलं नाही."

तिनं मान हलवली. रागानं नाही, एखाद्याच्या गुडघ्याचं दुखणं कुठे आहे ते सापडल्यावर ती हलवते तशी. मग उठली आणि निघून गेली.

आता ती माझ्याशी बोलते. बाजाराचं, आईच्या औषधांचं, दवाखान्यातल्या माणसांचे किस्सेसुद्धा सांगते आणि आम्ही दोघी हसतो. फक्त बाहेर पडताना मी म्हटलं की गॅस बंद केलाय, तर ती बरं म्हणते, चपला काढते आणि आत जाऊन स्वतः बघून येते. मी दारात किल्ली घेऊन उभी राहते.