लेवोकेदाचे चारशे बारा शब्द

"शब्दच नाहीत," पाक सुदार्मो फोनवर म्हणाले. "इंडोनेशियन धडे चालतात, लामाहोलोतवर बोट ठेवलं की तुझा प्रोग्रॅम कोसळतो. तो भाग काढ आणि तीनच्या आत पाठव. एका बेटाच्या बोलीसाठी सगळं अडवून ठेवू का?"

पाक सुदार्मो, म्हणजे सुदार्मोसाहेब, राजधानीतल्या कचेरीत असतात. शाळांच्या संगणकांवर कोणते प्रोग्रॅम जायचे ते तेच ठरवतात. युस्तिना माझी जुनी विद्यार्थिनी. धड्यांचा प्रोग्रॅम तिनं लिहिला, आणि आमच्या लेवोकेदा गावच्या मुलांनी घरच्या लामाहोलोत भाषेतले चारशे बारा शब्द त्यासाठी बोलून दिले. मासे, वारे, नाती. त्यांची यादी आज तीनला बंद होते; ती हुकली तर पुढची तीन वर्षांनी. तोवर ही मुलं शाळा सोडून गेलेली असतील.

"काढणार नाही," युस्तिना म्हणाली.

"मग तुझं नाव कटेल."

"तीन वाजले का, पाक? नाही ना? मग तीनला बोलू."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. आमच्याकडे गुरुजींना बापाच म्हणतात. "बापा, माझ्याकडे तर चालतं! हे बघा." तिनं बटण दाबलं. आमच्या वर्गातल्या ओदिलियाचा चिरका आवाज आला, पाठोपाठ वर्गाचं हसू.

मुलांची चूक झाली की मी रागावत नाही. तिचा माग काढायला लावतो. "नोना, पोरी, तुझ्याकडचं राहू दे. त्यांना धाडलेलं गाठोडं सोड."

"तेच आहे हो, इथूनच बांधलंय."

"हे तू सांगतेस. गाठोडं काय सांगतं?"

तिनं आतल्या फायलींची यादी काढली. प्रोग्रॅम होता, धडे होते. शब्दांचं लेवोकेदा नावाचं फोल्डर नव्हतं.

"बाहेर आहे ना ते," ती पुटपुटली. "गाठोड्याची बांधणी प्रोग्रॅमच्या घरातलं तेवढंच उचलते. माझ्या संगणकावर प्रोग्रॅम हात लांब करून शेजारून शब्द घेतो. तिथे शेजारीच नाही."

"बाहेर का ठेवलंस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बापा! तुम्हीच सांगितलं होतंत."

खरं होतं. गावाच्या बैठकीत मीच अट घातली होती: शब्द गावाचे, ते कुणाच्या कामात मिसळायचे नाहीत, वेगळे ठेवायचे. आमच्याकडे गावाची वस्तू कुणाच्या घरात ठेवत नाहीत. शब्दांनाही तोच नियम लावून मी ते दाराबाहेर बसवले होते.

"आत घे," मी म्हणालो.

"बैठकीला न विचारता?"

"बैठकीत मी उत्तर देईन. फोल्डरचं नाव मात्र बदलू नकोस."

तिनं फोल्डर आत आणलं, बांधणीच्या यादीत त्यातल्या फायली लिहिल्या, आणि नवं गाठोडं शाळेच्या जुन्या संगणकावर सोडलं. तिथे तिचं काहीच नव्हतं. आवाज आला, पण पडदा कोरा.

"आता काय रुसलं?"

"यादीत फक्त आवाजाच्या फायली लिहिल्या. लिहिलेले शब्द वेगळ्या फायलीत आहेत." ती दात-ओठ खात पुन्हा बसली. या वेळी सगळं फोल्डर नावानिशी घेतलं. मग आणखी काही ओळी लिहिल्या. मी विचारलं नाही. शहाण्या विद्यार्थ्याच्या पाटीत डोकावू नये. गाठोडं राजधानीला गेलं.

पावणेतीनला फोन आला. "चालतंय," पाक सुदार्मो म्हणाले. "पण जड झालंय. ते फोल्डर मी इथेच काढून टाकतो."

"काढून बघा."

कळा बडवल्याचा आवाज. मग, "हे काय? बांधणीच थांबली! 'चारशे बारा शब्द कमी आहेत'?"

"एक कमी असला तरी थांबते. सकाळी शब्द घालायला मीच विसरले होते, पाक. आता मलाही अडवेल."

"हा आडमुठेपणा आहे!"

"आहे."

"ही तपासणीसुद्धा मला काढता येते, समजलीस?"

"येते की. काढा. खाली तुमचं नाव लिहा आणि का काढली तेही लिहा. लेवोकेदाची मुलं वाचतील. वाचता येतं त्यांना, बापांनी शिकवलंय."

फोनमधून पुन्हा कळा बडवल्याचा आवाज आला.

"फोल्डर परत ठेवलं, यादीत घेतलंय," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी असला हट्ट..."

"पुढच्या वेळी पाचशे असतील," युस्तिना म्हणाली.