डाव्या हाताचा दोर

“मंडळी, जरा पायाखाली बघा हो! या गड्याचा अंगठा कुणाला सापडला तर आणून द्या, बाकीचा गडी शाबूत आहे!”

रोडिओच्या, गुराख्यांच्या खेळांच्या मैदानावरच्या, भोंग्यातला तो आवाज विरून वर्षं लोटली, पण एमेटच्या कानातून तो काही गेला नाही. सारं मैदान हसलं होतं. धावत्या गोऱ्ह्याच्या पायांत फास पडला, खोगिराच्या खुंटाला दोराचा वेढा मारताना त्याचा उजवा अंगठा मधे सापडला आणि तुटून मातीत पडला. एमेटही हसला होता, ओठ दाताखाली धरून.

रोडिओ सुटला आणि तो मोंटानात थोरवाल्ड म्हाताऱ्याच्या गुरांच्या रँचवर गडी म्हणून राहिला. कुंपणं ताणायची, बर्फात चारा टाकायचा, गाई विताना जागायचं. आणि संध्याकाळी बाकीचे जेवायला बसले, की गोठ्यामागे गवताच्या भाऱ्यात वासराच्या पायांसारख्या दोन काठ्या रोवायच्या आणि त्या लाकडी पायांवर डाव्या हातानं दोर टाकायचा. टाकायचा, गोळा करायचा. टाकायचा, गोळा करायचा. मनगट सुजलं, सूज उतरली, पुन्हा सुजलं. त्याची भुरी घोडीसुद्धा नव्या बाजूनं वळायला शिकली.

वसंतात वासरांना मालकीच्या खुणेचा डाग द्यायचा दिवस आला, की टेकड्यांपलीकडचे शेजारी घोडे घेऊन मदतीला येत. त्या दिवसाची रीत होती: मालक नाव घेईल त्यानंच खोगिराचा दोर सोडून घोड्यावरून वासरं फासात धरायची. न बोलावता सोडला, तर त्या गुरांच्या वाडग्यात पुन्हा पाय ठेवायला तोंड राहत नसे. बाकीच्यांनी खाली धुळीत वासरं दाबून धरायची. आल्यापासून दर वसंतात एमेट धुळीतच होता.

यंदाही थोरवाल्डनं नावं घेतली. यंदाही एमेटचं आलं नाही.

शेजारच्या रँचवरच्या मर्लिसनं घोड्यावरून दोरानं एक वासरू ओढत त्याच्यापुढे आणलं. “काय रे, शेणाची चटक लागली की काय तुला? माग की म्हाताऱ्याकडे दोर!”

“मागून घेतलेला दोर हातात बसत नाही, मर्लिसताई.”

“मग बस मिशीत धूळ घेऊन.”

“बसतो. पुढच्या वर्षीही बसेन.” त्यानं वासराच्या मानेवर गुडघा टेकला. “हात तयार आहे. तो कुठं जात नाही.”

तेवढ्यात कुंपणाची फळी कडाडली. एक दांडगं वासरू बाहेर सुटलं, थेट ओढ्याकडे. बर्फ वितळून ओढा दुथडी भरलेला. आतल्या दोरवाल्यांच्या दोराला वासरं अडकलेली. बाहेर बांधलेली होती ती एकटी भुरी.

एमेट उडी मारून तिच्यावर बसला. टाच, वारा, खुरांखाली चिखल. वासरू टप्प्यात आलं. डावा हात आपसूक दोराच्या पट्ट्यावर गेला, क्षणभर थांबला आणि रिकामाच परत आला. त्यानं भुरीला वासरू आणि पाणी यांच्यामधे घातलं. घोडी पोटापर्यंत भिजली, पण हटली नाही. वासरू वळलं.

थोरवाल्ड तापलेली डागणी हातात धरून मोडक्या फळीपाशी उभा होता.

“खोगिराला दोर होता ना, गाढवा? का नाही सोडलास? वासरू बुडालं असतं तर?”

“बुडू दिलं नसतं. आणि तुम्ही नाव घेतलं नव्हतं, मालक.”

डागणी हातातच निवत गेली. मर्लिसनं घोडा थोपवला.

“रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो तुला,” म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला. “अख्ख्या हिवाळ्यात तुझा फास चुकलेला पाहिला नाही. खोट तुझ्या हातात नव्हती, पोरा. भीती माझ्या पोटात होती. माझ्या वाडग्यात, माझ्या हाकेवर तुझा दुसरा अंगठा गेला असता, तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?”

एमेटनं डावी मूठ पुढे केली. अंगठा ताठ वर.

“वेढा मारताना आता तो असा वर ठेवतो, मालक.”

थोरवाल्ड त्या अंगठ्याकडे बघत राहिला. टेकडीवर एक चंडोल बोलून थांबला.

“एमेट,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “दोर सोड.”